भोगीला आलेलं पत्र

नेरूळ,
२५ जानेवारी १९९४

प्रिय ऋता,

अनेक आशीर्वाद.

तुझा म्युझियमचा कॅटलॉग पोचला. कोपरे दुमडले होते, पण आतली पानं ठीक आहेत. तू लिहिलं आहेस की यातलं आवडेल ते चित्र सांग, हुबेहूब तसंच कॅनव्हासवर करून मिळतं, गुंडाळी करून पाठवते. तेव्हा चित्राचं काय ते कळवायला बसले आहे. तुझे बाबा भाजी आणायला मार्केटात गेलेत. माझ्या दर पत्राखाली ते दोन ओळी खरडतात, तशा आज नसतील. का नाहीत ते पुढे येईलच.

बाबा म्हणतात, मी जळते. म्हणू देत. जळतेच. डिसेंबरात अमेरिकेहून आलेल्या प्रसादच्या मित्राबरोबर तू तुझ्या सासूबाईंना म्युझियममधलं चित्र पाठवलंस आणि मला बदाम. बदाम चांगले होते, आम्ही भिजवून खाल्ले, पण बदाम संपतात. सासूबाईंचं चित्र वाशीला जाऊन सोनेरी चौकट घालून आलं, त्याच्यावर पितळी दिवा लागला आणि सानपाड्याच्या त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या बरोबर वर ते विराजमान झालं. मग आम्हाला रीतसर बोलावणं. मुलगी बघायला जावं तसे आम्ही इस्त्रीचे कपडे घालून चित्र बघायला गेलो. म्युझियम क्वालिटी आहे हो, असं त्यांनी चहाच्या आधी सांगितलं आणि चहानंतर पुन्हा सांगितलं. हात लावून बघा म्हणाल्या. मी लावला. बाजाराच्या पिशवीसारखं खरखरीत कापड. तसं मी बोलले नाही. बाबांनी आधीच डोळ्यांनी दटावलं होतं.

मला चित्रांतलं काही कळत नाही हे तुला माहीत आहे. पण ते चित्र मला आवडलं, आणि नेमका त्याचाच राग आला. सुमार असतं तर चहा गोड लागला असता. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली ती बाई, तिच्या मांडीवर उघडी पोर, पोरीच्या कमरेभोवती पांढरं कापड. बाईने पोरीचं पाऊल पाण्याच्या परातीत धरलंय आणि दोघी खाली वाकून त्या पाण्यात बघताहेत. पाण्यात बघण्यासारखं काहीच नाही. पण लहान मुलं बघतात, आणि त्यांना धरून बसलेलं माणूसही बघत बसतं. सासूबाई म्हणाल्या, शंभर वर्षांपूर्वी काढलंय, आणि तेही एका बाईने. मी मनात म्हटलं, ते सांगायला नको, दिसतंय.

तुला मात्र मी असं मांडीवर घेऊन कधी न्हाऊ घातलं नाही. आपल्यात पायांवर घेतात. तुझ्या वेळी माझ्या सासूबाईंचं म्हणणं होतं की बाळंतपण डोंबिवलीतच होऊ दे. तर माझी आई, तुझी आजी, साताऱ्याहून आली, चहासुद्धा न घेता म्हणाली, पहिलं आमच्याकडे, हे काय विचारायचं असतं का, आणि मला घेऊन गेली. तीन महिने तिनेच तुला न्हाऊ घातलं. निघताना मला पाटावर बसवून पाय कसे जुळवायचे ते शिकवलं. मध्ये फट ठेवू नकोस, पोर घसरतं, म्हणाली. डोंबिवलीची मोरी एवढीशी की पाय लांब केले की अंगठे दाराबाहेर जायचे. तू माझ्या पायांवर पालथी, आणि पहिला तांब्या ओतला की तुझा भोंगा सुरू. शेजारचे लोक त्यावर घड्याळ लावायचे.

तर सानपाड्याहून परत आले आणि तुला ते खोचक पत्र टाकलं. आमच्या भिंतीला काय, कॅलेंडरही पुरतं, असं काहीतरी लिहिलं होतं. त्यावर तू बिचारीने हा कॅटलॉग धाडलास. आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. त्यात ते एक शेतकरी जोडपं आहे ना, नवरा-बायको की बाप-लेक देव जाणे, पुरुषाच्या हातात तीन दात्यांचं दाताळं? त्यांचे चेहरे असे की पाहुण्याला दारातूनच परत पाठवतील. हे सासूबाईंना पाठवायला हवं होतंस. बाबांचा जीव गवताच्या गंज्यांवर जडलाय. ते त्यांना कडब्याच्या गंज्या म्हणतात. मी विचारलं, एकाच गंजीची इतकी चित्रं कशाला काढायची? तर म्हणाले, सकाळची वेगळी असते, संध्याकाळची वेगळी. वर म्हणाले, आमच्या खळ्यावर होती तेव्हा मी कुठे नीट बघितली. त्यांनी वर्तमानपत्राचा कागद चित्राच्या मापाने कापून हॉलच्या भिंतीवर चिकटवलाय. येता-जाता दाराशी थांबून त्या कागदाकडे बघतात, मग तो एक बोट वर घेतात, पुन्हा खाली घेतात.

भागीरथीबाईही येऊन कॅटलॉग बघून गेल्या. खालच्या हरेश म्हात्र्यांच्या आई, ज्यांच्याकडे तुझा फोन येतो त्या. सासूबाईंकडचं ते न्हाणीचं चित्र कॅटलॉगमध्येही आहे. ते पान आलं तशा म्हणाल्या, 'ही काय आंगोल हाय? पायावं घेतल्याबिगर पोराची आंगोल व्हते का?' मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला. सानपाड्याला नेऊन त्यांना हे एकदा बोलायला लावावं असंही मनात येऊन गेलं.

पण खरं सांगू? मी मनातून ठरवून टाकलं होतं. तेच न्हाणीचं चित्र मागवायचं, फक्त सासूबाईंच्यापेक्षा एक माप मोठं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. म्हणून गुपचूप बेत केला. शनिवारी सासूबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांच्या गर्दीत चित्राजवळ उभं राहायचं, वितीने लांबी-रुंदी मोजायची आणि आल्यावर तुला लिहायचं. पर्समध्ये कॅटलॉगचं ते पान घडी करून घेतलं होतं. हसू नकोस. जळणाऱ्या माणसाला मापाची फार काळजी असते.

चित्रासमोर जेमतेम एक वीत टेकवली तोच सासूबाईंनी तबक धरायला आत बोलावलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, 'ऑगस्टअखेर आपण दोघी आजी होणार, विहीणबाई. बाहेर मी कुणाला बोलले नाहीये हं, तीन महिने होऊ देत. तुम्हाला तर ऋताने आधीच कळवलं असेल. आईला सगळ्यात आधी.'

हातातलं तबक पडलं नाही, एवढंच मला आठवतंय. मी म्हटलं, 'हो तर, केव्हाच.' त्या म्हणाल्या, 'मला प्रसादने संक्रांतीला फोनवर सांगितलं. तुम्हाला कधी कळलं?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'भोगीला. भोगीलाच पत्र आलं तिचं.' संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी ठेवणाऱ्याचं भलं होवो. त्यांनी मनापासून मान डोलावली. मग म्हणाल्या की प्रसाद त्यांना बाळंतपणाला या म्हणतोय, त्या पासपोर्टचं बघताहेत, तुमचा गुडघा दुखरा, एवढा लांबचा प्रवास तुम्हाला कसा झेपायचा. यात टोमणा काही नव्हता. त्या वाईट नाहीत, हाच तर माझा वैताग आहे. वाण म्हणून त्यांनी मला चाळणी दिली, इतर बायकांना दिली त्यापेक्षा मोठी.

बाहेर आले. चित्राजवळ बायका जमल्या होत्या आणि म्युझियम क्वालिटी चाललं होतं. माप घ्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. त्या बाईने पोरीच्या कमरेला घातलेल्या हाताकडे मी बघत राहिले. आधी वाटलं होतं, नुसता हात ठेवलाय. नाही. घट्ट धरलंय तिने.

तू का सांगितलं नाहीस ते मला समजतं. म्हात्र्यांच्या घरी अमेरिकेचा फोन आला की टीव्हीचा आवाज बंद होतो, घर माझ्याभोवती गोळा होतं आणि भागीरथीबाई मध्येच रिसीव्हरला तोंड लावून 'आमी समदी बेस हाव' ओरडतात. तिथे असली बातमी कशी द्यायची? आपला फोन कधीचा नोंदवून ठेवलाय, नंबर लागेल तेव्हा लागेल. आणि तीन महिने कुणाला बोलू नये हे मीच तुला शिकवलंय. तू पाळलंस, प्रसादने पाळलं नाही, एवढंच झालं असेल. हे मी स्वतःला रोज समजावते, आणि कपडे वाळत घालून होईपर्यंत ते पटतंही. मग दुपारी पुन्हा पटेनासं होतं. ऋता, मला आनंद झालाय. पण तो मला दुसऱ्याच्या ताटातला वाढून मिळाला, आणि मी तो उष्टा नाही असं दाखवत हसत घेतला. माझ्या पोरीची बातमी मला दुसऱ्या बाईने तिच्या स्वयंपाकघरात द्यावी?

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, तुला कुणी सांगितलं. मग मला खरं बोलावं लागेल, त्यांच्याशी मला खोटं बोलता येत नाही. ते नुसतं 'बरं झालं' म्हणतील आणि गॅलरीत जाऊन उभे राहतील. मला निदान जळता येतं, त्यांना तेही येत नाही. शनिवारी घरी आले तर विचारत होते, काय गं, चित्र तिथलं जास्त छान की आपल्या गंज्या? मी म्हटलं, आपल्या गंज्या. तर खुशीत कागद पुन्हा एक बोट वर घेतला.

तेव्हा आता नीट वाच. चित्र गंज्यांचंच पाठव, संध्याकाळच्या उन्हातलं, मधल्या मापाचं. न्हाणीचं चित्र सानपाड्यालाच राहू दे, तिथे शोभतंय. पण ऑगस्टात पाय माझे. काल बाबा बाहेर गेल्यावर मी मोरीत पाट टाकून बसून बघितलं. गुडघा कुरकुरला, पण पाय जुळतात, मध्ये फट राहत नाही. पासपोर्टसाठी फोटो काढून आले आहे, त्यात मी रागावलेली दिसते. सासूबाईंना काय सांगायचं ते प्रसादने सांगावं. त्यांनी नंतर यावं, हवं तितकं राहावं, बाळाला खुशाल म्युझियम दाखवावं. पहिलं आमच्याकडे, हे काय विचारायचं असतं का? आणि एक काम आजच्या आज कर. मला एक पत्र लिही. वर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घाल, म्हणजे ते भोगीला पोचलं असं होईल. तुला तेव्हा कळलं होतं की नव्हतं ते तू बघ. आत लिही, आई, सगळ्यात आधी तुला सांगते आहे. सासूबाई ते कधी मागणार नाहीत, पण माझ्या कपाटात ते असायला हवं. उशिरा का आलं असं बाबांनी विचारलं तर सांगेन की अमेरिकेचं पत्र, वाटेत थंडीने गारठलं असेल. एवढं एक खोटं त्यांच्याशी बोलेन मी. टपालाच्या शिक्क्याचं पाकीट आधीच फाडून टाकीन आणि त्यांना शेजारी बसवून पत्र मोठ्याने वाचून दाखवीन. मला नाटक करावं लागेल असं समजू नकोस. तू स्वतः मला अजून सांगितलेलं नाहीस.

वाट बघते आहे.

तुझीच,
आई