परतीची खिडकी

बिश्केक,
१४ सप्टेंबर

प्रिय मॅक्सीन,

तुझं पत्र आणि घराचे फोटो पोचले. मी ठणठणीत आहे. ग्रँट बारीक झालाय, पण बाप झाल्यावर पुरुष थोडे दिवस बारीक होतातच. सूनबाई, म्हणजे बेगिमाय, हिंडूफिरू लागली. माझी नात आल्तिनाय महिन्याची होत आली. आवाज आपल्या आईवर गेलाय, त्यामुळे अख्ख्या इमारतीला तिची भूक कळते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर तू पुढच्या पत्रात पुन्हा विचारशील. नाही, आपल्यासारखं ते एकच एक मोठं दुकान इथे नाही. शनिवारी गाडी काढायची, एका छपराखाली टायरपासून टूथपेस्टपर्यंत सगळं ढकलगाडीत भरायचं आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं, हे इथे विसरायचं. इथे दोर्दोयचा बाजार आहे. जहाजावरचे लोखंडी कंटेनर एकावर एक चढवून गल्ल्या केल्यात. खालच्यात दुकान, वरच्यात गोदाम. आले तेव्हा मी तिथे रडकुंडीला यायची. आता लोक मला रस्ता विचारतात.

पीनट बटर मिळत नाही असं नाही, पण महाग आणि गोड. मी दाणे भाजून घरीच वाटते. ब्राऊन शुगरसाठी साध्या साखरेत द्राक्षाचा काळा पाक कालवते, तुला फरक कळणार नाही. व्हॅनिलाची पूड पुडीत मिळते. चेडरचा नाद मी सोडला. टॉवेल आणि चादरी एका गल्लीत, पडद्याचे गज दुसरीत, आणि माझ्या मापाचे बूट पुरुषांच्या गल्लीत. भाव करताना चेहरा दगडासारखा ठेवायचा आणि एकदा बोललेल्या आकड्यावरून हलायचं नाही. तीस वर्षं शाळेत नर्स म्हणून काढली, मला हे जमतं.

एकच गोष्ट सापडत नव्हती. परतीची खिडकी. माल पसंत नसेल, मापात नसेल, तर पावती पुढे करून परत द्यायचा, हा आपल्याकडचा साधा हक्क इथे कुणाला ठाऊकच नाही. पण मी तीही शोधून काढली.

झालं असं. मागच्या रविवारी माझ्या विहीणबाई, अनारकान, कोचकोरहून आल्या. बरोबर नातलग बायका, रोट्यांचे ढीग आणि बाळासाठी पाळणा. याला बेशिक म्हणतात. लाकडी, लाल-हिरवा रंगवलेला, खाली झुलायला बाकदार पट्ट्या. दिसायला सुरेख, ते मी नाकारत नाही. पण मुलाला त्यात पाठीवर निजवून हातपाय पट्ट्यांनी बांधतात आणि वरून जाड पांघरूण टाकतात. अनारकानने आल्तिनायला त्यात बांधलं, बायका गाणी म्हणाल्या, आणि मी भिंतीशी उभी राहून बाळाचा श्वास मोजत होते. शिवाय मालही सदोष होता. वरच्या दांड्यावर कुणीतरी चावल्यासारखे खड्डे, रंगाने बुजवलेले. रंग इतका ताजा की बोटाला लागेल.

अनारकान बटाटे काढायला परत गावी गेल्या. आज सकाळी ग्रँट आणि बेगिमाय बाळाला डॉक्टरकडे घेऊन गेले. पाळण्याच्या गादीला दोर्दोयमधल्या दुकानाचं कार्ड टाचलेलं होतंच. मी टॅक्सी केली. ड्रायव्हर वळणावळणाला मागे बघून म्हणत होता, हात ठेवा, आजी, त्याच्यावर हात ठेवा. त्याला आपल्या सीटची काळजी.

मी पोचले तेव्हा दुकानदारीण नुकतं कुलूप काढत होती. तुर्सुन तिचं नाव. भवानीही झाली नव्हती. सुरुवातीला तिने ऐकलंच नाही. शेजारच्या बायका गोळा झाल्या, सगळ्या त्यांच्या भाषेत एकदम बोलू लागल्या. मी हलले नाही. कार्ड दाखवलं, गादी दाखवली, कोपऱ्यातल्या जाळीच्या घडीच्या खाटेकडे बोट केलं आणि म्हटलं, ते द्या, हे घ्या. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कुणी माघारी लावत नाही, हे मला माहीत होतं. शेवटी दिलं तिने.

तुला आठवतं ना, ग्रँटच्या वेळी तीन जणींनी एकसारखी बाबागाडी आणली होती? दोन आपण परत केल्या आणि त्याची दुधाची भांडी आणली. देणाऱ्यांनीच पावत्या खोक्यात ठेवल्या होत्या, आणि भांडी बघून त्यांनाच आनंद झाला. अनारकानलाही होईल. बाळ आता मोकळ्या हातापायांनी झोपेल.

राहिला घराचा प्रश्न. माझ्या भाडेकरूंना, त्या प्रुइट नवराबायकोला सांग, घर विकायचं नाही. त्यांनी माझ्या शिवणाच्या खोलीला पिवळा रंग देऊन तिथे त्यांचं बाळ ठेवलंय हे फोटोत पाहिलं. मला न विचारता रंग दिला, हेही त्यांना सांग. मुलाच्या संसारात किती दिवस आपलं स्वागत होईल ते कुणी सांगावं? बाईमाणसाला परत जायला स्वतःचं एक दार असावं.

आता ते बाळाला घेऊन येतीलच.

तुझी,
रोबर्टा


बिश्केक,
९ ऑक्टोबर

प्रिय मॅक्सीन,

तुझी दोन्ही पत्रं आली. उत्तर द्यायला उशीर झाला, काम फार होतं.

भोपळ्याचं विचारलंस. डबाबंद मिळत नाही, पण ओश बाजारात ताजे मिळतात, केशरी आणि गोड. भाजून गर काढायचा आणि कापडात घालून पाणी निथळू द्यायचं. जायफळ मसाल्याच्या गल्लीत आहे. केचप विचारलंस, केचप सगळीकडे आहे. चिमटीने बंद होणाऱ्या पिशव्या पाठवू नकोस, इथे मिळू लागल्या.

हवा थंड होतेय. इमारतीची गरम पाण्याची पाइपलाइन अजून सुरू केलेली नाही. मी दोन स्वेटर घालते.

नवी खाट बघून विहीणबाई काय म्हणाल्या, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंयस. सांगते.

तो पाळणा विकत आणलेला नव्हता. दुकानातून आणलेली होती फक्त गादी आणि पट्ट्या. पाळणा अनारकानच्या आजोबांनी केलेला. त्यात अनारकान झोपली, तिची भावंडं झोपली, बेगिमाय झोपली. दांड्यावरचे ते खड्डे बेगिमायच्या दातांचे. इथे पहिलं बाळ झालं की आईची आई पाळणा घेऊन येते, आणि ज्यात मुलं धडधाकट वाढली तोच पाळणा भाग्याचा मानतात. नातीसाठी म्हणून अनारकानने स्वतः बसून त्याला रंग दिला होता.

बेगिमाय दवाखान्यातून आली, खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पाळणा कुठे आहे?"

मी म्हटलं, बदलून आणला. खाट उघडून दाखवली, तिची जाळी दाबून दाखवली. बेगिमाय बाळाला पोटाशी धरून उभीच राहिली. ग्रँट खाली जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, "मॉम, तू सगळ्यांदेखत आमचा पाळणा विकून आलीस."

तो तसाच दोर्दोयला गेला. तुर्सुनने त्याला सांगितलं की तिने मला परोपरीने विचारलं होतं, मुलं वाढलेला पाळणा कुणी देतं का, घरच्यांना विचारलंत का. शेजारणींनीही तेच सांगितलं होतं. त्या जे बोलत होत्या ते हे होतं, मॅक्सीन. मला वाटलं त्या भाव करताहेत. जितकं त्या समजावत गेल्या तितकी मी ताठ होत गेले. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक, त्यात परदेशी म्हातारी, नाही म्हणणार कसं? त्याच दिवशी दुपारी तलासकडच्या एका कुटुंबाने तो नेला. टॅक्सीवाल्याला सीटची काळजी नव्हती हेही मला नंतर कळलं. रिकामा पाळणा हलू द्यायचा नसतो.

अनारकान दुसऱ्या दिवशी आली. मी तयारी करून ठेवली होती, काय काय बोलायचं त्याची. तिने कोट काढला, हात धुतले, बाळाला घेतलं, पावाचा तुकडा मोडला. मग तिच्या भाषेत मला विचारलं, आणि ग्रँटने ते मला इंग्रजीत सांगितलं, कारण बेगिमाय सांगेना: "विहीणबाई, तुमच्याकडे दुकानात म्हाताऱ्याही बदलून मिळतात का हो? मिळत असतील तर मला न्या. माझे गुडघे गेलेत."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन केटलीपाशी उभी राहिले.

तोवर तुर्सुनने तलासच्या लोकांचा फोन नंबर शोधून दिला होता. ग्रँट म्हणाला, उद्या पहाटे गाडीने जातो, मागतील ते देतो, घेऊन येतो. अनारकानने विचारलं की आता त्यात कोण झोपतं. मुलगा आहे, ग्रँट म्हणाला, दहा-बारा दिवसांचा.

"मग राहू दे," ती म्हणाली. "झोपलेल्या मुलाखालून कुणी पाळणा ओढून घेतं का?"

आणि माझ्याकडे बघून म्हणाली, चहा गार होतोय. बस, एवढंच. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर कसं द्यायचं ते मला येतं.

माफी मागितलीस का, असं तू विचारशील. मागितली, इंग्रजीत, मग रशियनमध्ये. दोन्ही भाषांत ती दुकानात पावती हरवल्यावर बोलतो तशी वाटली.

गेल्या आठवड्यात बेगिमाय बाळाला घेऊन कोचकोरला माहेरी गेली. जाताना तिने माझ्यासाठी सूप करून ठेवलं आणि औषधांची आठवण केली. तिचं वागणं पूर्वीपेक्षा जास्त अदबीचं झालंय, आणि त्याचाच मला धाक वाटतो. केव्हा येणार ते तिने सांगितलं नाही. ग्रँट शनिवार-रविवार तिकडे जातो. मला चल म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणत नाही. घडीच्या खाटेवर मी मोजे वाळत घालते.

घर विकू नकोस. उलट प्रुइट मंडळींना वसंतात घर रिकामं करावं लागेल अशी कल्पना देऊन ठेव. कदाचित मीच येईन.

तुझी,
रोबर्टा


बिश्केक,
१६ नोव्हेंबर

प्रिय मॅक्सीन,

बर्फ पडलं. पाइपलाइन सुरू झाली. तब्येत बरी आहे.

प्रुइटची बायको तुझ्याकडे येऊन रडली, असं लिहिलंस. त्यांना परवडेल असं दुसरं घर त्या भागात नाही, आणि बाळ आता त्या पिवळ्या खोलीवाचून झोपत नाही, असं ती म्हणाली. तू लिहिलंयस, "पण घर तुझं आहे, तू म्हणशील ते." ते वाक्य वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि दोर्दोयला गेले. घ्यायचं काही नव्हतं.

तुर्सुनच्या दुकानासमोर थांबले. तिने ओळखलं, आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, थर्मासमधला चहा दिला. एका कोपऱ्यात नवे पाळणे रचलेले होते. मी त्यातल्या एकाच्या दांड्यावरून हात फिरवला. गुळगुळीत होता. तुर्सुन म्हणाली, "हा घेऊन जाऊ नका, आजी. तिकडे मोकळ्या हातांनी जा." मी कुठे निघालेय हे मी तिला सांगितलं नव्हतं. मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

उद्या सकाळी कोचकोरची गाडी धरतेय. ग्रँटला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तिकडे थंडी फार असते, माझी टोपी घे. मला कुणी बोलावलेलं नाही. अनारकान दार उघडेल, चहा देईल, हे मला माहीत आहे. त्यानंतर काय, ते माहीत नाही. पाळणा तर येणार नाही. आल्तिनाय मोठी होईल आणि कुणी ना कुणी तिला ती गोष्ट सांगेलच, आणि ती खरीच असेल. मी तिला बांधू दिलं नाही, आणि ज्यात दोन पिढ्या हातपाय बांधून वाढल्या तो पाळणा मात्र सोडून आले.

बेगिमायने दार लावून घेतलं तर मी बिश्केकमध्येच एक खोली घेईन. भाव करता येतो, बूट कुठे मिळतात ते माहीत आहे. नात शहरात येईल त्या दिवशी मी शहरात असेन.

तेव्हा घर त्या प्रुइटना दे. ते देतील त्या किमतीला. माझं शिवणयंत्र तू ठेव, बाकीचं चर्चला दे. रंगाबद्दल मी मागे जे लिहिलं होतं ते त्यांना सांगू नकोस. त्या खोलीत त्यांचं मूल झोपलंय, मॅक्सीन. राहू दे.

तुझी बहीण, आणि त्यांनी ठेवून घेतलं तर आल्तिनायची आजी,
रोबर्टा