माझ्या फुप्फुसाचं स्टँडर्ड

५ नोव्हेंबर, सकाळ
विदर्भातल्या उपेक्षित संशोधकांनो! आपलं दुःख एकच आहे. आपण राबतो, लिहितो, छापतो आणि कोणी वाचत नाही! (डायरीत सभा भरवू नये. पण सवय.)
मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवत गिनिपिगच्या श्वासनलिकेवर हयात घालवली. कोणत्या औषधाने ती सैल होते, हे यवतमाळात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तरी लोक मला ओळखतात ते व्याख्यानांमुळे. आता बास. यंदा खरं संशोधन : जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणाऱ्या बायांची फुप्फुसं.
संकल्प : भाषण बंद. फक्त डेटा.

९ नोव्हेंबर
बाभुळगाव रोडवरची जिनिंग. रुईचा धुरळा इतका, की समोरचा माणूस अंदाजाने ओळखायचा. मालक भगवानराव सज्जन. म्हणाले, धुरळ्यानं बायाइले त्रास होते असं तुमच्या रिपोर्टात आलं, तं धूळ ओढणारे पंखे लावतो. नाही आलं तं कायले खर्च?
म्हणजे पंखे माझ्या हातात! छोटंसं प्रास्ताविक केलं. संपलं तेव्हा बायांची जेवायची सुट्टी संपली होती.
स्पायरोमीटरची, म्हणजे फुंकीचा जोर मोजणाऱ्या यंत्राची, नळी पुढे केली, तर सगळ्या मागे सरकल्या. मागे सरकण्यात तांड्यावरची रुपीबाई सर्वांत पुढे होती. ती म्हणाली, "हे तं पोलिसाइचं दारूवालं मशीन होय. माह्या घरच्याले फुकाले लावा, मी कायले फुकू?"
समजूत घालताना घसा बसला, तेव्हा कुठे त्यांनी फुंकलं. धुरळा, दुसरं काय.

११ नोव्हेंबर
नॉर्मल माणूस किती जोरात फुंकतो, याचे तक्ते आहेत. परके! इथल्या मातीतल्या फुप्फुसांना परका गज का लावायचा? ठरवलं : स्टँडर्ड स्वदेशी. निरोगी, निर्व्यसनी, इथलाच माणूस हवा.
मीच की.
माझी ज्युनिअर, डॉ. समीक्षा, म्हणाली, सर, तुम्ही जिना चढताना दोनदा थांबता. तिला सांगितलं, मी विचार करायला थांबतो.
फुंकलं. वय, उंची, बाई-पुरुष हा फरक जमेस धरून माझा आकडा 'नॉर्मल' म्हणून लावला.

१७ नोव्हेंबर
क्रांतिकारक निष्कर्ष! सगळ्या बाया नॉर्मलच्या वर. रुपीबाई प्रत्येक फुंकीनंतर वाकून खोकते, तरी माझ्या दीडपट. धुरळा अपायकारक तर नाहीच, कदाचित टॉनिक असावा. (पेपरचं शीर्षक सुचतंय.)
समीक्षा म्हणते, सर, स्टँडर्ड तपासू. मोठ्या शोधांना आधी विरोधच होतो.
भगवानरावांना जिनिंगमध्येच सांगितलं. खूश झाले. पंखेवाल्याला फोनवर 'नको' म्हणून कळवलं, मला चिवडा दिला. रुपीबाईने विचारलं, "मंग आमी खोकून राह्यलो ते काय हौसेनं?"
उत्तर तयार होतं. दम लागल्याने देता आलं नाही.

२० नोव्हेंबर
मशीन बिघडलं. समीक्षाने फुंकलं, माझ्या दुप्पट. दुसरं मशीन आणलं. तेही बिघडलं.
तिने मला इनहेलरचे पफ दिले, थोडं थांबवलं, पुन्हा फुंकवलं. आकडा टुणकन वर. अशा रुग्णाला काय म्हणतात, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारतो.
दमा.
परक्या तक्त्यांनी पाहिलं तर बाया नॉर्मलच्या बऱ्याच खाली. रुपीबाई सर्वांत खाली. म्हणजे पंखे मी घालवले.

२२ नोव्हेंबर
जिनिंगमध्ये गेलो. भगवानरावांचं मन वळवणारं जबरदस्त भाषण पाठ करून. "कष्टकरी भगिनींनो" इथपर्यंत उत्तम झालं. मग खोकला. मग रुईच्या ढिगावर बसलो. मग आडवा.
रुपीबाईने पदराने वारा घातला. "सायेब, बोलू नोका. पयले सास घ्या." मी हाताने मुद्दा मांडत होतो, तिने हातही धरला. मग मालकाकडे वळून म्हणाली, "पाहा जी. हेच म्हणत होते ना, धुरळ्यानं काही होत नाही!"
भगवानराव पांढरे पडले. म्हणाले, "सर, तुमची भाषणं मले कधी समजली नाही. हे खोकणं समजलं. माह्या जिनिंगमधी तुमी मेले तं पेपरात येईन!" तिथेच पंखेवाल्याला फोन.
आयुष्यातलं सर्वांत यशस्वी भाषण. शब्द दोन.

३० नोव्हेंबर
पंखे लागले. समोरचा माणूस दिसतो.
माझा इनहेलर मात्र लागू पडत नाही. औषधात दोष असावा. समीक्षाने आज घेताना पाहिलं. म्हणाली, सर, औषध ओढल्यावर दहा अंकांपर्यंत श्वास रोखायचा, तुम्ही तीनवर बोलायला लागता. सगळं औषध तोंडातून बाहेर. तुम्हीच शिकवलंय आम्हाला.
तिला यामागचं विज्ञान समजावून सांगितलं. तीनवर.
तेव्हा, विदर्भातल्या उपेक्षित संशोधका (एकवचन)! आजवर तुला कोणी वाचलं नाही ही तुझी तक्रार. मी वाचतोय. उद्या सकाळी पफ ओढ आणि दहा होईपर्यंत तोंड बंद ठेव!