माय, तुझी झोप राहून गेली होती

माय,

तू गेलीस तेव्हा मी नागपूरला डॉक्टरकी शिकत होते आणि झोपेबद्दल मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. आता मी तुझ्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी झाले आहे. नोकरीची बहुतेक वर्षं मी माणसांची झोप तपासण्यात घालवली. डोक्याला बारीक तारा चिकटवायच्या आणि माणूस झोपला की त्याच्या मेंदूतल्या लहरी कागदावर उमटताना बघत बसायचं. तुला हे सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. ‘झोपलेल्या माणसाले पाहाचे पैसे देतेत काय वं?’ असं विचारलं असतंस. देतात, माय. पण त्यासाठी लिहीत नाही. आपल्या वरवट गावच्या त्या हिवाळ्याबद्दल तुला काही सांगायचं राहिलं आहे.

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. गुरुजी शाळेत नवा नकाशा टांगून आम्हाला त्यात बुलडाणा शोधायला लावत. मी तिसरीत होते. धाकटा भाऊ तेव्हा काही महिन्यांचा होता आणि त्याला डांग्या खोकला झाला होता. आडवा केला की उबळ यायची, चेहरा जांभळा पडायचा, श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज निघायचा. उभा धरला, खांद्याशी लावला, की जरा बरं. म्हणून तू त्याला धरूनच बसायचीस. रात्री बसलेली, दिवसा मळ्यात. वांगी तोडणीला आली होती, मिरची लाल व्हायला लागली होती, आणि आत्याबाईंच्या घरात सुनेनं दिवसा पाठ टेकायची पद्धत नव्हती. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन परत आलेली, आपलं घर तिच्याच शब्दावर चालायचं. महिना झाला, सव्वा महिना झाला. तू भाजीत दोनदा मीठ घालायला लागलीस. एकदा चुलीवर नुसता रिकामा तवा ठेवून समोर बसून राहिलीस. मला हाक मारताना मावशीचं नाव घ्यायचीस.

मग ती दुपार. मी ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसले आहे. तू मळ्यातून येतेस, डोक्यावर वांग्यांची टोपली. टोपली उतरवतेस, रांजणातलं पाणी पितेस, पदरानं तोंड पुसतेस आणि रिकाम्या झोळीकडे बघून मला विचारतेस, “पोरगं कुठी आहे वं?”

“तुह्याजवळ होतं ना, माय.”

“माह्याजवळ? मी त तुह्याजवळ देऊन गेलती.”

तू खोटं बोलत नव्हतीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो, त्यात जराही चलबिचल नव्हती. मी तशीच उठून पळाले. बांधावरून, पाटातून, पायात चपला नाहीत. तो कवठाच्या झाडाखाली वाकळीवर होता. वाकळीच्या कडेपर्यंत लोळत आला होता आणि तिथून विहीर अगदी जवळ, कठडाही नसलेली. त्याच्या पायावर लाल मुंग्या चढल्या होत्या. पण खोकत नव्हता. वरच्या पानांकडे बघून तो चक्क हसत होता. मी त्याला उचललं, मुंग्या झटकल्या. मागून तू धापा टाकत आलीस, वाकळीकडे पाहिलंस आणि मला विचारलंस, “याले इथं कोनं ठेवलं?”

मला त्या वेळी विहिरीपेक्षा तुझीच जास्त भीती वाटली होती, माय.

संध्याकाळ व्हायच्या आत आत्याबाईंनी निकाल लावला. “हिले बाहेरचं झालं. माहेरी धाडा हिले, पोरगं माह्याजवळ राहीन.” तू दाराच्या कोपऱ्यात बसून ते ऐकत होतीस, दुसऱ्या कुणाबद्दल चाललं असावं तशी. बाबा मोठ्या बहिणीपुढे कधी बोलले नव्हते. त्या दिवशी ते बैलांना पेंड घालून आले, हात धुतले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “ती कुठीच जानार नाही. सकाळी मी तिले खामगावले नेतो. मंग पाहू.”

एस.टी.त मीही होते, बाळाला धरायला. मामा तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि त्याची एकच खोली होती, सरकीचा वास भरलेली. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी आधी बाळाची छाती तपासली, मग तुझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही शेवटचं नीट कधी झोपला होतात?” तू विचार करत राहिलीस. खूप वेळ. मग रडायला लागलीस, कारण तुला आठवेना. त्यांनी बाळाला औषध दिलं, तुलाही औषधाची एक बाटली दिली आणि बाबांना म्हणाले, “यांना वेड लागलेलं नाही. यांना झोपू द्या.”

“पन पोराले उभं कोन धरीन?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही धरा.”

आणि बाबांनी धरलं. जिनिंगच्या गल्लीत, भर दिवसा, धोतराचा सोगा खोचून, बाळाला खांद्याशी लावून ते येरझाऱ्या घालत होते. नळावरच्या बाया हसत होत्या. आपल्याकडच्या पुरुषानं तेव्हा असं केलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. तू आत झोपली होतीस. मला उंबऱ्यावर बसवलं होतं, कुणी आवाज करू नये म्हणून. भोंगा झाला, पाळी सुटली, माणसं बोलत बोलत गेली, तू हललीही नाहीस. मामी मधूनच तुझ्या नाकाशी बोट धरून बघून जायची. दुसऱ्या दिवशी तू उठलीस, चहा मागितलास, आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, “तुह्या झिपऱ्या काऊन अशा झाल्या वं? इकडं ये.” माझं नाव घेऊन म्हणालीस. माझंच नाव. तू वेणी घालत होतीस आणि मी तुझ्याकडे पाठ करून रडत होते. तुला वाटलं, केस ओढले गेले.

पुढे खोकला गेला. धाकटा वाढला, रांगला, चालला. त्या दुपारचं तुला काहीच आठवत नव्हतं, झाडाखालची गोष्ट तुला कुणी सांगितली नव्हती आणि बाबांनी सांगू नका म्हटलं होतं. पण एकदा कशावरून तरी वाजलं आणि आत्याबाई बोलून गेल्या, “तू त पोटच्या पोराले इहिरीपाशी टाकून आलती!” तू माझ्याकडे वळलीस. “हाव का वं?” मी मानेनंच हो म्हटलं. “मंग?” “मंग काही नाही, माय. हासून राह्यला होता.” बाबांनी रात्री तुला किती समजावलं. “तुले झोप नव्हती, त्यानं झालं.” तू एकच म्हणत राहिलीस, “झोप नव्हती म्हनून मायले लेकरू इसरते काय?”

त्यानंतर तुझा स्वतःवरचा विश्वास गेला तो गेलाच. धाकटा समोर बसून भाकर खातोय आणि तू विचारतेस, “तो कुठी आहे?” मग त्याच्या डोक्याला हात लावून बघतेस. तो शाळेत जायला लागला तर तू शाळेच्या कुंपणापर्यंत जाऊन यायचीस. त्याला मित्र चिडवायचे, तो तुझ्यावर चिडायचा. मी नागपूरला निघाले तेव्हा तू शेगावच्या स्टेशनपर्यंत आली होतीस. गाडीची वाट बघताना, इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून, तू हळूच विचारलंस, “माय लेकराले इसरते, असं तुमच्या पुस्तकात लिहिलं असन काय वं?” मी म्हटलं, पाहून सांगते. पुढच्या उन्हाळ्यात तुला कावीळ झाली. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

उत्तर मला फार उशिरा मिळालं. ऐक. दिवसभर आपण जे करतो, बघतो, ते मेंदूत खोलवर एका लहानशा वळलेल्या भागात आधी कच्चं राहतं. आपण गाढ झोपलो की मेंदू तेच पुन्हा पुन्हा चालवून बघतो आणि राखायचं ते हळूहळू पक्कं करतो. झोपच मिळाली नाही, तर जुनं पक्कं होत नाही आणि नवं नीट घेतलं जात नाही. आणखी एक. फार जागलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, तो चालतो, टोपली उचलतो, पण मेंदूचा एखादा भाग क्षणभर झोपून घेतो. त्या क्षणात केलेलं कुठेच उरत नाही. तू त्याला वाकळीवर ठेवलंस, नीट सावली बघून ठेवलंस, पण ते ठेवणं तुझ्या डोक्यात उमटलंच नाही. तू त्याला विसरली नव्हतीस, माय. विसरायला आधी ते आठवणीत जावं लागतं. आणि तू कशासाठी जागी होतीस? त्याचा श्वास चालावा म्हणून. हे तुला सांगायला मी किती वर्गांतून, किती पुस्तकांतून फिरले, आणि जिला सांगायचं तीच नव्हती.

निवृत्त झाले तरी आठवड्यातून एकदा मी दवाखान्यात बसते. परवा संग्रामपूरकडची एक तरुण बाई आली, जुळी पोरं झालेली. एकाला दोनदा पाजलं आणि दुसरं उपाशी राहिलं, म्हणून रडत होती. सासू सोबत होती. मी सासूला बाहेर बसवलं. इतकी वर्षं शहरात राहून माझी बोली पुसट झाली आहे, पण त्या वेळी आपोआप आली. “बाई, तुह्या मायेत खोट नाही. तुले झोप नाही.” मग बाहेर थांबलेल्या तिच्या नवऱ्याला बोलावून, पोरं कुणी कधी धरायची ते मी त्यालाच समजावलं. ती गेल्यावर मला पुढचा रुग्ण लगेच आत घेता आला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. फक्त एक कुणाला न सांगितलेलं तुला सांगते. झोपण्याआधी मनात घोळवलेलं कधीकधी स्वप्नात येतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि त्याचा काही नेम नसतो हेही शिकवलं. तरी रोज दिवा मालवल्यावर मी तुझी आठवण मुद्दाम काढते. तुझं लुगडं, तुझे हात, तुझी चाल, एकेक करून, धडा पाठ करावा तशी. अजून तू एकदाही आली नाहीस. उद्याही मी हेच करणार आहे.