मराठीत मिळालेलं लाल कार्ड

१२ जाने., रवि.
लाल कार्ड. आधी पिवळं वगैरे काही नाही, सरळ लाल. सेमीफायनल आम्हीच जिंकलो, पण उरलेली मॅच मी बाकाच्या मागे उभा राहून पाहिली. कोच खान सर सारखे घड्याळ बघत होते.

लिहून ठेवतो, नाहीतर झोप यायची नाही. इतकी वर्षं बीरगांवच्या फुटबॉल टीममधून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळतोय आणि इतकी वर्षं फॉरवर्डच्या कानाशी मराठीत बोलतोय. या हिंदी मुलखात समोरच्याला अर्थ कळत नाही, सूर बरोबर कळतो. रेफरी सगळे हिंदीवाले, त्यांना वाटतं मी स्वतःशीच पुटपुटतो. आज नवा रेफरी होता, निखिल. कोवळा पोरगा. भिलाईचा नऊ नंबर पडला तेव्हा मी म्हणालो, "पोट्टीवानी काहून रडून राहिला बे? बांगड्या भर अन् घरी बस." पुढे त्याच्या आईवरून एक. ते इथे नको.

निखिल धावत आला, कार्ड दाखवलं, हळूच म्हणाला, "भैया, हमारे घर में भी मराठी ही बोलते हैं."

सकाळपासून हिंदीत बोलत होता! मला काय स्वप्न पडणार होतं?

१३ जाने., सोम.
भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लक्ष नाही. रांचीचा ट्रक बिलासपूरच्या रांगेत लावला, शिव्या खाल्ल्या.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ब्रूनोची बातमी. क्लबने करार वाढवला नाही. इटलीचा स्टॉपर, माझ्याच वयाचा, अडतीस. कॉलेजात होतो तेव्हापासून त्याला पाहतोय. पळायला जड, पाय साधारण, पण तोंड! समोरच्याला बोलून बोलून वेडा करायचा. किती कार्डं खाल्ली, देशाच्या संघातून किती वेळा वगळला, परत आत आला. त्याच्यामुळेच टीम मला 'इटली' म्हणते. आता तोही बाहेर, मीही.

फरक एवढाच की माझ्या गुडघ्याला डॉक्टरने हा सीझन शेवटचा सांगितलाय. फायनल ९ फेब्रु.ला. लीगच्या कमिटीने बंदी घातली तर कालची मॅच हीच शेवटची. असा शेवट नको. अजिबात नको.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. वैशालीने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या. गोड बोला. तुम्हाले तर लिहूनच द्यायले पाहिजे." बायको वर्ध्याची आहे, सोडत नाही.

संध्याकाळी हळदीकुंकू. बायकांत एक नवीन चेहरा, तेलीबांध्याला राहणाऱ्या बाई. वैशालीने ओळख करून दिली: निखिलची आई. मी आत पळणार तेवढ्यात बाईंनी वाटी पुढे केली. "आमचा पोट्टा घरी मराठीत हू की चू करत नाही हो. म्या म्हणलं, याले येते की नाही देव जाणे. तुमच्यामुळं कळलं, सगळी समजते!" सगळ्या हसल्या. मी तिळगूळ घेतला. दातात अडकला.

१७ जाने., शुक्र.
कोणीतरी लाइनीबाहेरून मॅचचा व्हिडिओ घेतला होता. टीमच्या ग्रुपवर आला. आवाज स्वच्छ.

गार्गीने पाहिला. माझी पोरगी, नववीत, शाळेच्या मुलींच्या टीममध्ये स्टॉपर. मीच उभी केली तिला तिथे. जन्मापासून मी तिच्याशी मराठी बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून जातं असंच धरून चाललो होतो. आज ताटावर विचारलं, "पापा, लड़की जैसा रोना मतलब कैसा रोना?"

मी म्हणालो, मैदानावर असंच बोलतात गं.

"मैं भी तो मैदान पे ही रहती हूँ."

वैशाली वाढता वाढता थांबली. मला भयंकर राग आला, कोणाचा ते ठरवता येईना. पोळी अर्धी टाकून उठलो.

२१ जाने., मंगळ.
गार्गी बोलत नाही. हिंदीतही नाही.

खान सरांचा फोन. "इटली, सीधा बोल देना, अपनी टीम का हौसला बढ़ा रहा था. कमेटी में मराठी आती किसको है?" निखिलला येते, मी म्हणालो. "वो बच्चा है."

ब्रूनोला अजून क्लब नाही. त्याच्या गावचा तिसऱ्या डिव्हिजनचा संघ विचार करतोय म्हणे. घे रे बाबा, कुठलाही घे.

२५ जाने., शनि.
कमिटी. अध्यक्ष दुबेजी, आणखी दोघे, चहा. व्हिडिओ लावला. मराठी कोणालाच कळेना, म्हणून निखिललाच हिंदीत सांगायला लावलं. रडणं सांगितलं, बांगड्या सांगितल्या. मग थांबला. कान लाल. "बस, इतना ही, सर."

आईवरचं गाळलं! मला वाचवायला नाही, मोठ्यांसमोर त्याच्या तोंडून ते निघेना, हे दिसत होतं. दुबेजींनी मला विचारलं, "और कुछ बोला था?"

हौसल्याचं वाक्य पाठ करून गेलो होतो. त्या पोराकडे पाहिलं आणि ते सोडून दिलं. म्हणालो, "बोला था. इससे बुरा." काय ते नाही सांगितलं. दुबेजींनी लिहून घेतलं. निकाल सोमवारी, ३ तारखेला.

बाहेर खान सर म्हणाले, अपने ही गोल में मार दिया. खरंय.

२ फेब्रु., रवि.
उद्या निकाल. घरात बसवेना म्हणून गार्गीची मॅच पाहायला गेलो. तिने बोलावलं नव्हतं. रेफरी निखिल. आणखी कोण असणार!

मी लाइनीपासून लांब उभा. दुसऱ्या हाफमध्ये समोरची उंच फॉरवर्ड गार्गीला घासून गेली, पडली, पाय धरून ओरडायला लागली. टॅकल स्वच्छ होता, शपथ. गार्गी तिच्यावर वाकली आणि माझ्याच सुरात, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"पोट्ट्यावानी काहून रडून राहिली बे? घरी जाय."

चौदा वर्षांत पोरीच्या तोंडून पहिलं अख्खं मराठी वाक्य. एकही चूक नाही. फक्त पोट्टीच्या जागी पोट्टा.

मैदानात कोणाला काही कळलं नाही. निखिल थांबला. शिट्टी तोंडात, हात कार्डाच्या खिशापाशी. गार्गीकडे नाही, वळून माझ्याकडे पाहत राहिला. गार्गीपण.