चाळणीखालचं

माय, काल ऑफिसच्या कामात एक छोटा कोड लिहिला. एका फोल्डरमध्ये हजारो फाइली, त्यातल्या हव्या त्या प्रकारच्या तेवढ्याच वेगळ्या काढायच्या. फाइलच्या नावामागे टिंब आणि तीन-चार अक्षरं असतात, त्यावरून तो फोटो आहे की व्हिडिओ ते कळतं. ती अक्षरं यादीत घालायची. यादीतलं वर राहतं, बाकीचं गळून जातं. तुझी चाळणीच म्हण ना. हसनाबादच्या स्वयंपाकघरात तू ज्वारी चाळतेस, आणि बारा वर्षांची मी खाली पडलेलं सुपात भरून अंगणात फेकून येते. तू उठतेस, मातीत बसून बारके दाणे वेचायला लागतेस. "चाळणी लावली म्हंजे झालं का गं? खाली काय पडलं ते बघायचं, मंग फेकायचं. इतकी जल्दी कशाची तुला?" मला तुझा रागच आला होता. मूठभर दाण्यांसाठी एवढं!

तू गेल्यावर तुझ्या बटणांच्या फोनमधलं मेमरी कार्ड मी जालन्याला आणलं. माझा फोन लागला नाही की सांगायचं ते तू त्यात बोलून ठेवायचीस आणि मी गावी आले की ऐकवायचीस. "इसरते मी, म्हणून भरून ठेवलं. बस इथं, ऐक." हे मला माहीत होतं, माय. तरी तेव्हा लिहिलेल्या अशाच कोडच्या यादीत मी फोटो आणि व्हिडिओचीच अक्षरं घातली. तेवढं कॉपी झालं आणि मी कार्ड पुसून टाकलं. त्या फोनमधले आवाज एएमआर प्रकारच्या फाइलींत असतात, हे महिन्याभराने तुझा आवाज ऐकावासा वाटला तेव्हा कळलं. जुना जालना भागातल्या फोन दुरुस्तीवाल्याने कार्ड दोन दिवस ठेवून घेतलं. "बिलकुल काही निघून न्हाई राह्यलं, ताई," म्हणाला. दुकानाबाहेर येऊन मी रडले.

आता प्रत्येक यादीच्या शेवटी मी एएमआर घालते. आमच्या कामात तसली फाइल कधीच येत नाही. साहेब विचारतात, "हे कशाला?" मी म्हणते, असू द्या.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एक सांगायचं राहिलंय. शेवटच्या दिवाळीला निघताना तू फोन पुढे केलास, "बस, ऐक." मी म्हटलं, पुढच्या वेळी, गाडी चुकेल. गाडीला तासभर अवकाश होता, माय.