आठच्या खाली

मंगळवार, रावेर

प्रिय स्वप्नील,

खिशात मोबाईल असताना हा हेमराज पत्र काय लिहितोय, असं तू म्हणशील. गेले बारा दिवस मी तुला रोज फोन लावतो, तू ‘बोल हेमराज’ म्हणतोस, आणि मी केळीचा भाव सांगून फोन ठेवतो. असा भित्रा मी कधीपासून झालो कोण जाणे. उद्या लीलाधर गाडी घेऊन दोंडाईच्याला निघालाय. वाटेत नरडाण्याला तुझ्या कारखान्याच्या गेटवर थांबून तो हे पत्र तुझ्या हातात देईल.

तुझे वडील गेले त्या दिवशी जमलेल्या लोकांना तू म्हणालास, की वय झालं होतं, थंडी बाधली, यात कोणाचा दोष नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

नथ्थूबाबा साक्रीकडून आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून आले, तेव्हा तू त्यांच्या कडेवर होतास. आपण दोघं वाढलो ते मळ्यातल्या त्यांच्या खोपीपुढच्या शेकोटीजवळ. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून ते भरीत करायचे, आणि मग घरच्या भरताला मी नाक मुरडायचो. आई जाम चिडायची. हिवाळ्यात ती शेकोटी विझलेली मी कधी पाहिली नव्हती.

यंदाच्या थंडीने बागेची पार वाट लावली. केळीची निसवण अडली, घड बाहेर पडेनात, पानं पिवळी पडली. सगळं गाव मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघत बसलेलं, पण थंडी ओसरावी म्हणून नव्हे. विम्याचं तुला ठाऊकच आहे: पारा सलग तीन दिवस आठच्या खाली गेला, तरच भरपाई. दोन दिवस झाले होते आणि तिसऱ्या दिवसाचा अंदाज होता साडेआठ. थंडी पडू दे म्हणून लोक मारुतीला नारळ फोडत होते रे! मीही फोडला. माझं काही अडलं नव्हतं, घरात कशाला कमी नव्हतं. पण डोळ्यांदेखत बाग गेली आणि आता अर्ध्या अंशापायी हातचंही जाणार, या विचाराने डोकं फिरलं होतं.

विम्यासाठी पारा मोजणारं यंत्र आमच्याच बांधाला आहे, खोपीपासून वीस पावलांवर. त्या संध्याकाळी पारावर ठरलं, की आज यंत्राच्या आसपास कोणी जाळ करायचा नाही. बागेच्या कडेला धुरासाठी कचरा पेटवतो, तोही नाही. नथ्थूबाबांना सांगायचं माझ्याकडे आलं, कारण माणूस माझा. मी गेलो तेव्हा ते हात शेकत बसले होते. मला बघून त्यांनी बसायला पोतं सरकवलं. मी बसलो नाही, उभ्या उभ्याच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “एकच रात शे ना भाऊ, काढी लिसू.” आणि स्वतःच्या हाताने त्यांनी शेकोटीवर तांब्या ओतला. आमच्या घरी झोपायला चला, एवढं साधं वाक्य मला सुचलं नाही. घरी येऊन मी दोन रजया ओढून झोपलो.

सकाळी पारा होता पाच पूर्णांक सहा. गावभर शेकोट्या पेटवल्या असत्या, तरी तो आठला पोचला नसता. तो आकडा बघून मी अंगणात आनंदाने ओरडलो. तेवढ्यात मळ्याकडून तुझ्या आईची, धुरपदाअक्काची, हाक आली. बाबांनी आपली गोधडी तिच्या अंगावर घातली होती.

त्या संध्याकाळी ती तिथेच होती, स्वप्नील. मी काय सांगितलं ते धुरपदाअक्काने सगळं ऐकलंय, आणि तुला एका शब्दाने बोललेली नाही. आमच्या घरी ये म्हणून मी पाया पडलो, पण ती म्हणते, आखाजीला साल संपतं, बाबांनी तोवरचा शब्द दिलाय, साल पुरं करणार. आता अंदाज आलाय, गुरुवारपासून पारा पुन्हा उतरणार आहे, आणि आणखी तीन दिवस भरले तर भरपाई वाढेल या आशेने पारावर पुन्हा तेच बोलणं सुरू झालंय. म्हणून लिहितोय. तू गुरुवारच्या आत ये आणि तिला घेऊन जा. मला जे म्हणायचं ते सगळ्या गावासमोर म्हण, मी ऐकून घेईन. काल दिवस मावळताना मी खोपीपुढे काड्यांचा भारा टाकला. ती थंडीने कुडकुडत होती, पण काडीला हात लावेना. काड्यापेटी मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “भाऊ, आज पेटाडू का?”

तू अजून म्हणू देशील तर, तुझाच
हेमराज