टँकर निघाल्याचा मेसेज

१४ मार्च, सोमवार
आज नळ नाही. उद्याही नाही. संगीता म्हणते, आंघोळ एक दिवसाआड करा, कॉलेजात कोण हुंगायला बसलंय तुम्हाला. बायकोच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, शिवाय बरोबरच बोलली.
प्राचार्यांनी बोलावलं. नांदेडहून विद्यापीठाचं पत्र आलंय. मे महिन्यात समिती येणार, आमचा बी.एस्सी. संगणकशास्त्र ठेवायचा की बंद करायचा ते बघायला. बघणार काय, तर किती पोरं नोकरीला लागली. नेमणूकपत्रासकट. गेल्या वर्षी एकही नाही. त्याच्या आदल्या वर्षीचं विचारूच नये.
लातुरात कसल्या नोकऱ्या? क्लासवाल्यांकडे पेपर टाईप करायचे, नाहीतर मोंढ्यात अडत्याच्या दुकानात बिलं मारायची. तिथं नेमणूकपत्र मागितलं तर शेठ हसतो. म्हणजे पोरांनी लातूर सोडलं तरच लातूरचा कोर्स राहणार. हे मी प्राचार्यांना म्हणालो. ते म्हणाले, "तत्त्वज्ञान नको सर, पत्रं आणा."

२६ मार्च
तृतीय वर्षाचे प्रोजेक्ट पाहिले. सगळ्यांचं ग्रंथालय व्यवस्थापन. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेलं, चुकांसकट. एका शहाण्यानं मूळ कॉलेजचं नावही बदललं नव्हतं. ओरडलो. ओरडून घसा सुकला आणि घरून नेलेली बाटली रिकामी.
शेवटी प्रज्ञा. चाकूरच्या पुढच्या एका गावची, वडील पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. तिचं काम असं की टँकर भरून निघाला की वडील एक मिस्ड कॉल देतात, आणि त्या दिवशी ज्या गावाची पाळी तिथल्या बायकांच्या मोबाईलवर मेसेज जातो. टँकर निघाला, तासाभरात येईल. एवढंच. बाहेरून आलेले परीक्षक तिला म्हणाले, "यात लॉगिनचं पान कुठाय?"
घरी येऊन संगीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपल्या गल्लीलाही लावून घ्या की.

४ एप्रिल
प्रज्ञाच्या गावाला जाऊन आलो. खोटं वाटत होतं म्हणून गेलो, खरं निघालं. अजून तीन ड्रायव्हर तिला मिस्ड कॉल देतात आता. टँकर येतो त्या गावच्या हिरीवर, विहिरीवर, गर्दी नाही. पूर्वी टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा, म्हणून बायका सकाळपासून ठाण मांडून असायच्या. एक म्हातारी म्हणाली, "आदी दिसभर हितंच बसून ऱ्हायचो बगा. आता मेसेज आला की घागरी घेऊन येतो. मजुरीला जायला गावायलंय."
प्रोग्राम तसा साधा आहे. खरं काम प्रज्ञा संध्याकाळी करते. प्रत्येक ड्रायव्हरला फोन. काका, उद्या कुठं? कुणाचं टायर बसलं, कुणाच्या भरण्याच्या जागेवर लाईट नाही, कुणाला ऐनवेळी दुसऱ्या गावाला धाडलं. ती त्यांच्यातली, म्हणून तिला सगळे सांगतात.
येताना एसटीत फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं शिकवून पहिल्यांदा वाटलं, आपण शिकवतो त्याचा इथं कुणाला उपयोग होऊ शकतो. इथं!

१२ एप्रिल
पाण्याची रेल्वे आली. वर्गात कोणी नाही, सगळे स्टेशनकडे फोटो काढायला. मीही गेलो. काढला एक.

२१ एप्रिल
काल नांदेडला, विष्णुपुरीकडे. पुण्याच्या एका कंपनीचा कॅम्पस इंटरव्ह्यू. आधी लातुरातच ठरला होता, पण पाहुण्यांना उतरवायचं कुठं आणि पाणी कुठून आणायचं, म्हणून तिकडे गेला. पोरांना घेऊन पहाटेच्या गाडीनं गेलो. गाडीत अहमदपूरपर्यंत उजळणी घेतली. पुढचे प्रवासी वैतागले.
एकटी प्रज्ञा निवडली गेली. नाव पुकारलं तेव्हा मीच उभा राहिलो, ती बसूनच.
प्राचार्यांना फोन केला. पेढे आणा म्हणाले. परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "सर, मी गेले तर संध्याकाळचे फोन कोण करायचं?" मी म्हणालो, बघू. काय बघणार होतो ते माझं मलाच माहीत नाही.

१ मे
उदगीरला अण्णाकडे, थोरल्या भावाकडे. आज उदगीर नवा जिल्हा जाहीर होणार असं त्यानं इतकं धरून ठेवलं होतं की हार्डवेअरच्या दुकानाची पाटी आठवडाभर आधीच रंगवून घेतली. खाली ठळक अक्षरात "जि. उदगीर". संध्याकाळपर्यंत टीव्हीपुढे बसलो. काही नाही. वहिनी हसली तर अण्णा तिच्यावर खेकसला.
मग मला म्हणाला, "फिकीर कशाला करायलास? पंधरा ऑगस्टला हुतंय बग. जिल्हा झाला की कलेक्टर हापिस, झेडपी, सगळीकडं कंप्युटरवाली माणसं लागतेत. तुजी पोरं काय पुण्याला मरायला जायची?"
पाटी तशीच ठेवणार म्हणतो. लावलेली पाटी काढत नाहीत म्हणे.

७ मे
प्रज्ञाला घेऊन एका साहेबांना भेटलो. टँकरचं काम त्यांच्याकडे. तिचं मनापासून कौतुक केलं, चहा पाजला, बायकांचे आभाराचे फोन आल्याचं सांगितलं. पण तिला घ्यायला पदच नाही. कंत्राटीही नाही. "नवीन जिल्हा झाला की संगणक कक्ष निघेल. तेव्हा हिचं नाव पहिलं." माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात तरी काय होतं.
बाहेर आल्यावर प्रज्ञा म्हणाली, "मग मी थांबते सर. जिल्हा होईपर्यंत." माझ्या डोळ्यांपुढे अण्णाची पाटी.

९ मे
तिचे वडील कॉलेजात आले. दारातच थांबले, "जयभीम सर." बसा म्हटलं तर बसेनात. "पोरगी न्हाई म्हणायली पुण्याला. तुमी सांगा. तुमचं ऐकती. टँकर हाय तवर काम हाय, पाऊस पडला की मी बी घरी. तिनं काय माज्यावानी वाट बगत बसायचं?"
मी सांगितलं तिला. जा म्हणालो. नोकरी दारी आली, घालवू नकोस, पुण्यात शिकशील, मोठी होशील, आई-वडिलांना बघशील. सगळं खरं होतं. आणि बोलताना सगळा वेळ समितीचा तो रकाना दिसत होता. तिचं एक पत्र गेलं तर तिथं भोपळा. तिच्यासाठी बोललो की माझ्यासाठी? दोन्ही. लाज वाटली, तरी बोलत राहिलो.
ती नुसती मान हलवत होती. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं.

१७ मे
समिती येऊन गेली. तिघे. संडासात पाणी नाही हे पहिलं लिहून घेतलं.
"स्थानिक उद्योगाशी संबंध" असा एक रकाना होता. मी टँकरच्या मेसेजचं सांगितलं, अगदी रंगात येऊन. अध्यक्ष म्हणाले, "सुंदर. संस्थेचं लेटरहेडवर पत्र?" कोणती संस्था? टँकर? म्हातारीच्या घागरीला कुठलं आलंय लेटरहेड. दुसरे हळूच म्हणाले, "सर, आम्हालाही वर दाखवावं लागतं." रकाना रिकामा.
प्रज्ञाचं पुण्याचं पत्र मात्र तिघांनी हातात घेऊन पाहिलं. प्राचार्य खूश.

२९ मे
प्रज्ञा गेली. ट्रॅव्हल्सवर सोडायला तिचे आई-वडील, मी, संगीता. आई पदर तोंडाशी धरून उभी. वडील सारखे बॅग वर नीट चढली का ते बघत होते.
जायच्या आधी लॅबच्या मशीनवर सगळं लावून दिलं. बायकांच्या मेसेजखाली तिचं नाव नि नंबर होता, तिथं माझं टाकलं. "सर, तुम्ही खाली संध्याकाळचे फोन करत जा." खाली! म्हणजे नुसते फोन, जणू काहीच नाही.

६ जून
जमत नाही. ड्रायव्हरांना फोन लावतो, "हाव सर, हाव सर" करतात आणि ठेवतात. उद्या कुठं ते सांगत नाहीत, की मलाच विचारता येत नाही, कळत नाही. प्रज्ञाचे वडील आता निलंग्याकडच्या खेपांवर. लॅबची बॅटरी बसली, दोन दिवस मशीन बंद. काल मेसेज एका गावाला गेला, टँकर दुसरीकडे. बायका दुपारभर उन्हात. आणि जिथं टँकर गेला तिथं हिरीवर कोणीच नाही, ड्रायव्हर पाणी हिरीत सोडून मोकळा, निम्मं मुरलं.
माझा फोन दिवसभर वाजत होता. शिव्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर झेपल्या असत्या. नुसतं विचारतात.
पुण्याला फोन केला. ती ट्रेनिंगमध्ये. कुजबुजत म्हणाली, "सर, रविवारी बघते." तिला आवाजावरून कळलं असणार. पुन्हा करायचा नाही.

१४ जून
परवा समितीचा निर्णय आला. कोर्सला एक वर्ष मुदतवाढ. अट: प्रवेश भरावेत आणि बाहेर नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवावी. प्राचार्यांनी सगळ्यांना गावं वाटून दिली, प्रवेश आणायला. माझ्याकडे चाकूरच्या पुढची.
आज सकाळी पिशवी घेऊन निघालो. पहिल्याच गावात पारावर माझं नाव सांगितलं, तर एक बाई लगबगीनं पुढे आली. मागं बारावी झालेली लेक. बाई म्हणाली, "तुमीच का ते मेसेजवाले सर? माज्या पोरीला घ्या हो. प्रज्ञावानी पुण्याला धाडा." पोरगी हुशार दिसत होती. मी पिशवीतून फॉर्म काढला, तिला कॅम्पसचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं. पोरीनं तिथंच उभ्या उभ्या नाव लिहिलं.
फॉर्म घेऊन वळलो तर बाई मागून म्हणाली, "आन् सर, टँकर कवा यायलाय आज?"
पोरगीही बघत होती. येईल, म्हणालो.